नाखवांच्या जीपला पुढचा लॉक

प्रश्न हो किंवा नाही एवढ्यावर भागणारा होता. जीपच्या मागच्या चाकांना लॉक आहेच, पुढच्यांनाही बसवायचा का? विचारणारे मढच्या कोळीवाड्यातले नाखवा होते, माझ्यासोबत कारखान्यात काम करणाऱ्या मित्राचे वडील. त्यांच्या अंगणात जाळ्यांच्या ढिगाला टेकून मी दोन कप चहा प्यायलो आणि 'हो, बसवा' म्हणालो. त्या एका शब्दामुळे पुढे काय होणार होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण ते कळण्यासाठीच मी शिकलो होतो.

मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाव लातूरकडचं, शाळा जिल्हा परिषदेची, पुढे समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून इंजिनियरिंग. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वसतिगृहाच्या गृहपालांपासून फॉर्म भरून देणाऱ्या सरांपर्यंत ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची मला आजही आठवण येते, आणि कुणी 'इंजिनियर' म्हणून हाक मारली की पाठ आपोआप ताठ होते. हे सांगितलं नाही तर मी 'हो' का म्हणालो ते समजणार नाही.

दुसरंही एक कारण आहे. मुंबईतल्या पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. मरोळच्या खोलीत आम्ही पाच जण राहत होतो आणि बाकी चौघे शिफ्टला जायचे. मशीनवर काम करणाऱ्या या मित्राने, ज्याची आणि माझी तोवर चहापुरतीच ओळख होती, मला रिक्षात घातलं, वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे नेलं आणि आपल्या घरी ठेवलं. तीन आठवडे त्याच्या आईने मला पेज भरवली. त्या घरात मला नाही म्हणणं जमत नव्हतं.

नाखवांची अडचण खरी होती. पाठीचं दुखणं वाढल्यावर त्यांनी होडी विकली आणि एक जुनी फोर व्हील जीप घेतली. पावसाळ्याआधी मासेमारी बंद होते तेव्हा किनाऱ्यावरच्या होड्या पाण्याबाहेर काढून वरच्या कोरड्या वाळूत शाकारून ठेवतात. इतकी वर्षं हे ओढायचं काम त्यांची जीप करायची. वर्षातलं तेच मोठं काम, बाकी मग बर्फ वाहणं, शूटिंगवाल्यांची वाळूत रुतलेली व्हॅन काढणं असलं किरकोळ. पण आदल्या वर्षी जीप स्वतःच ओल्या वाळूत रुतली आणि एका ट्रॅक्टरने येऊन ती बाहेर काढली. सगळ्या वाडीने पाहिलं. या वर्षी होडीवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मेच्या पौर्णिमेच्या उधाणाला पहिली होडी जीपने काढून दाखवा. जमलं तर काम तुमचं, नाही तर ट्रॅक्टरवाल्याला देऊ.

"पप्पा, हा गिअर मोजतो. बनवत पण नाय," मित्र म्हणाला होता.

"मोजतो म्हंजे चूक धरतो ना," नाखवा म्हणाले. "मना तसाच मानूस पायजे. काय रं इंजिनियर, सांग."

मी सांगितलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी रचना अ‍ॅक्सलच्या मधोमध असते तिला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावर ती हवीच. चिखलात मात्र एक चाक घसरलं की तेच एकटं गरगर फिरतं आणि ज्याला पकड आहे ते जागचं हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडल्यासारखी बरोबर फिरतात. मागे लॉक आहे, पुढेही लावला तर चारही चाकं मिळून ओढतील. जीप रुतणार नाही.

यात एकही वाक्य चूक नव्हतं.

आमच्या ऑफिसातले एक साहेब पार्ल्याला राहतात आणि शनिवार-रविवारी हौस म्हणून डोंगरात गाड्या चालवतात. त्यांच्याकडे काढून ठेवलेला एक लॉक होता, हवेच्या दाबावर चालणारा, डॅशबोर्डवर स्विच असलेला. देताना त्यांनी बजावलं, "पुढचा लॉक लागलेला असताना स्टिअरिंग फिरत नाही असंच समज. गाडी सरळ जाते. आणि चाकं वळवून वर जोर दिलास तर जॉइंट तुटतो." ते मी वहीत लिहून घेतलं. मग एका कागदावर जीप, दोर आणि होडी काढली, समुद्राकडून वर जाणारा एक बाण काढला आणि खाली सूचना लिहिल्या. पहिलीच सूचना: लॉक लावल्यावर फक्त सरळ ओढावे.

नाखवांनी कागद बराच वेळ पाहिला आणि मान हलवली.

त्या दिवशी आमच्यात एक गोष्ट बोलायची राहून गेली. होडी सरळ ओढली जात नाही. ती ओंडक्यांवरून थोडी वर येते, मग तिचं नाक एका बाजूला वळवावं लागतं, मग दुसऱ्या, आणि आधी काढून ठेवलेल्या होड्यांच्या मधल्या फटीतून तिला आपल्या जागी न्यावं लागतं. मी दुष्काळी भागातला माणूस. होडी ओढताना मी जन्मात पाहिली नव्हती आणि मला विचारायचं सुचलं नाही. नाखवा लहानपणापासून तेच पाहत आलेले. होडी वळवत नेतात हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसणार. माझा बाण सरळ होता. त्यांना तो फक्त 'वर' असा दिसला.

मालवणीच्या एका गॅरेजमध्ये लॉक बसला. कोरड्या वाळूत, रिकाम्या जीपने आम्ही तो चालवून पाहिला, सरळच. झकास चालला. मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी खुळ्यासारखा हसत राहिलो.

पौर्णिमा गुरुवारी होती, बुद्ध जयंतीची सुट्टी. होडी निघाली शनिवारी, द्वितीयेला. कोळीवाड्यात भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीड वाजता पूर्ण भरती. त्या पाण्यावर होडी जेवढी वर येते तेवढी आणून उभी करायची, पाणी उतरायला लागलं की ओढायला घ्यायची आणि पुढची भरती येण्याआधी जागेवर न्यायची. अर्ध्यात राहिली तर लाटा तिला आपटून आपटून फोडतात.

अडीचच्या सुमारास आम्ही सुरुवात केली. उन्हाने वाळू पोळत होती. नाखवा स्टिअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी. स्विच माझ्याकडे, कारण त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते. मागे जाड दोर आणि दोराच्या टोकाला होडी. दोन्ही बाजूंनी माणसं तिला कलू नये म्हणून धरून होती. माझा मित्र होडीच्या मागे होता. होडी जशी वर सरकेल तशी तिच्याखाली लाकडाची उटी सारत राहायचं, म्हणजे ती परत खाली घसरणार नाही, हे त्याचं काम. ट्रॅक्टरवाला त्याच्या ट्रॅक्टरच्या सावलीत उकिडवा बसून बघत होता.

"लाव," नाखवा म्हणाले.

मी स्विच दाबला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. जीपने जमीन धरली, दोर ताणला गेला, आणि आदल्या वर्षी जिथे ती रुतली होती ती ओली पट्टी तिने न थांबता पार केली. मागून माणसांचा ओरडा आला, खुशीचा. नाखवांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पण त्यांच्या गालाची शीर हलली. मला वाटलं, झालं.

मग त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

ते वळेना. दोन्ही हातांनी त्यांनी ते ओढलं, सीटवरून अर्धे उठले. पुढची चाकं डावीकडे तोंड करून वाळू नांगरत होती आणि जीप सरळ चालली होती. समोर दुरुस्तीसाठी आधीच काढलेली एक होडी टेकूंवर उभी होती. तिच्या सावलीत दोन बायका जाळं घेऊन बसल्या होत्या.

"फिरत नाय," नाखवा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "काढ तो."

मी स्विच बंद केला. लाल दिवा तसाच.

"काढला."

"लाइट हाय अजून."

आतमध्ये काय झालंय ते मला चित्रासारखं दिसत होतं. चाकांवर ताण असेपर्यंत लॉकचे दात एकमेकांत आवळून बसतात, स्विच बंद केला तरी सुटत नाहीत. क्षणभर ताण गेला पाहिजे.

"नाखवा, गॅस सोडा. सोडल्याशिवाय सुटणार नाही."

"गॅस सोडला तर होडी मागं जाल. मागं माझं पोर हाय."

मी मागे वळून पाहिलं. होडीच्या नाकाने सगळं झाकलं होतं. मित्र दिसत नव्हता. त्याने उटी आत्ता सारली आहे की सारायला वाकला आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्या बायकांना उठा, उठा म्हणून ओरडलो. त्या उठल्या, पण जाळं उचलायला परत वाकल्या. तेवढ्यात डाव्या पुढच्या चाकातून कट्ट असा आवाज आला. फार मोठा नव्हता. मी रोज गिअरचे तुटलेले दात भिंगाखाली पाहतो, तो आवाज कसला आहे ते मला सांगावं लागलं नाही. टेकू आता दोन हातांवर होता.

नाखवांनी डोकं बाहेर काढून हाक दिली. शब्द मला समजले नाहीत, समुद्रावरच हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा तो आवाज होता. सगळा किनारा गप्प झाला. मग होडीच्या मागून मित्राचा आवाज आला, "लावली."

"हात काढलास?"

"काढला, काढला."

नाखवांनी गॅस सोडला. दोराने जीप मागे खेचली गेली, वीतभर, मग अजून वीतभर. होडीचं लाकूड करकरलं.  होडी थांबली. लाल दिवा विझला.

नाखवांनी हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.  

ती होडी शेवटी जागेवर गेली, पण जीपने नेली असं नाही म्हणता येणार. नाकाला आडवा दोर बांधून माणसांनी ती हाताने वळवली, जीप मागच्या चाकांवर नुसती जोर देत राहिली. पुढच्या डाव्या चाकातून टकटक येत होती. ट्रॅक्टरवालाही येऊन दोराला लागला. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, "लाक काढायचा इसरलात व्हय?" तो आमच्याच भागातला निघाला.

त्या प्रश्नाने मी जेट्टीवर जाऊन बसलो आणि घरी फोन लावला. माझ्या वडिलांनी पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला आहे.

"अप्पा, तुमच्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक आहे ना?"

"हाय की. टाचंखाली पेडल आसतंय. चिखलात दाबायचं."

"आणि वळताना?"

"वळायच्या आधी टाच काढावी लागतीय. न्हाई काढली तर ट्रॅक्टर सरळ बांधावर. का रं, काय झालं?"

मी झालेलं सांगितलं. 

"कुणाला लागलं का?"

"नाही."

"लेकरू हुतं म्हन्लास ना मागं."

"त्याला काही झालं नाही. अप्पा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू इंजिनियर व्हायलास, तुला मी काय सांगू?" ते म्हणाले. मग म्हणाले, "आता फोन ठिव आन् त्येंच्या घरी जा. तितं बसून काय करायलास?"

लहानपणी मी त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतभर फिरलो आहे. अप्पांची टाच उचललेली मी शेकडो वेळा पाहिली असेल. पुढे कॉलेजात डिफरन्शियलचा धडा आला तेव्हा मी तो पाठ केला, परीक्षेत आकृती काढली, आणि ती टाच आणि ती आकृती एकाच गोष्टीची आहे हे माझ्या मनात कधी आलं नाही. मडगार्डवर बसून शिकलेलं मी शिक्षणात धरतच नव्हतो.

घरी गेलो तेव्हा अंगणात जीप जॅकवर होती आणि मित्र खाली झोपून चाकाचा सांधा उघडत होता. नाखवा पाट टाकून बसले होते.

"सांध्यातल्या गोळ्यांचा पिंजरा फुटलाय," मित्र खालून म्हणाला. "जुना एक पडलाय घरात. सकाळपर्यंत बसवतो." माझे पाय दिसले म्हणून पुढे म्हणाला, "काय रे, क्वालिटी. रिजेक्ट ना हा पीस?"

मला हसू आलं नाही. मी नाखवांसमोर बसलो.

"नाखवा, माझं उत्तर चुकलं. होडी कशी नेतात ते न बघताच मी सांगितलं."

"ओल्या वालूत तर मस्त ओढली."

"ओढली. ते खरंय."

"मग असं करू. कोरड्या वालूपर्यंत लॉक. तिकडं थांबायचं, उटी लावायची, तू लॉक काढायचा, मग वलायचं. उद्या रविवार. येशील ना बाजूला बसायला?"

हा पर्याय चुकीचा नव्हता. साहेबांनीही कदाचित तोच सांगितला असता. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभराचं काम वाचण्याची आशा होती आणि मला हो म्हणायची फार इच्छा झाली. मी मनात तो क्रम पुन्हा लावून पाहिला. थांबायचं, उटी, हाक, गॅस सोडायचा, दिवा विझलेला बघायचा, मग वळायचं. यातली एक पायरी चुकली की होडीमागचा माणूस. आणि प्रत्येक होडीला हे पहिल्यापासून.

"उद्या येईन," मी म्हणालो. "सोमवारी माझी शिफ्ट आहे. पुढच्या वर्षी मी कुठे असेन माहीत नाही. तुम्ही एकटे असाल आणि घाईत असाल तेव्हा एकदा तरी दिवा बघायचा राहील. मला विचाराल तर काढून टाका. या कामाला पुढचा लॉक नको."

"काढला तर वरच्या रांगेच्या होड्या गेल्या ट्रॅक्टरकडं. ओली पट्टी पार करून तेवढ्या वर जीप नाय जायची. समजतंय ना तुला?"

"समजतंय."

"तरी काढ म्हनतोस."

"हो."

आतून मित्राची आई म्हणाली, "बालाला वरडू नको." नाखवा म्हणाले, "वरडत नाय गो. इचारतोय." खाली स्पॅनरचा आवाज थांबला होता. मित्र जीपखालीच पडून ऐकत होता. उटी लावणारे हात त्याचेच होते.

 मग नाखवा उठले, कमरेवर हात ठेवून वाकले आणि जीपखाली बघून म्हणाले, "सांधा बदलतोयस तर त्या लॉकची हवेची नली पन काप. परत लावायचा मोह नको."

रविवारी तिथी तृतीया. भरती सव्वादोनच्या सुमारास. सकाळीच नाखवा होडीवाल्यांकडे जाऊन स्वतःच सांगून आले की वरची रांग ट्रॅक्टरला द्या, खालची मी करतो. मी सोबत गेलो होतो. एकाने विचारलं, "इंजिनियरचा लॉक काय झाला?" नाखवा म्हणाले, "त्यानंच काढायला लावला," आणि पुढे चालायला लागले.

खालच्या रांगेतली पहिलीच होडी जड होती. ओल्या पट्टीत जीपचं पुढचं एक चाक फिरायला लागलं, नेहमीसारखं. फळ्या आणल्या, वाळू उपसली, पुन्हा जोर दिला. वर ट्रॅक्टरने तेवढ्या वेळात एक होडी लावूनही टाकली होती. आमची अजून अर्ध्यात होती आणि पाणी बरंच खाली गेलं होतं. मी फळी धरून चाकाशी उभा होतो, गुडघ्यापर्यंत वाळू. नाखवांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला तिथून बाजूला व्हायला सांगितलं, मागे बघून मुलाला हाक दिली, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबले, आणि मग गॅस दिला.